सांबऱ्याची धावपट्टी गोव्यासाठी बांधली नव्हती

‘गोवा सोडवायचा म्हणून १९६१ साली सरकारने सांबऱ्याला विमानतळ बांधला’, हे बेळगावजवळ, सांबऱ्याशेजारच्या मुतगे-निलजी गावांच्या पारावर मी लहानपणापासून ऐकत आलो. परवा एका शाळकरी मुलानेही मला तेच सांगितलं, तेव्हा राहवलं नाही.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची. बांधली ती ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने. त्या वर्षी जपानने ब्रह्मदेश घेतला होता, युद्ध भारताच्या पूर्व सीमेला टेकलं होतं. सांबरा आघाडीपासून लांब, त्यामुळे इथे प्रशिक्षण चालायचं आणि पुढे आग्नेय आशियातल्या लढाईला इथून पाठबळ मिळायचं. म्हणजे गोवा मुक्तीच्या वेळी ही पट्टी एकोणीस वर्षांची होती!

मग गोव्याचं नाव का चिकटलं? कारण त्यातही खरं आहे. ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत, हवाई दलाने पुण्याबरोबर सांबऱ्याचा तळही वापरला. १८ डिसेंबर १९६१ ला हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. डोक्यावरून घरघरत गेलेली ती विमानं आमच्या आज्या-आजोबांना आठवत राहिली. १९४२ ची आठवण मात्र मागे पडली.

‘आता तिथे लष्कराचं काही उरलं नाही’ असंही काहीजण म्हणतात. तेही चूक. नागरी विमानं उतरतात, २०१७ साली नवं टर्मिनल झालं, पण शेजारीच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आजही चालू आहे आणि देशभरातली पोरं तिथे घडतात.