विकत घेतलेला गेम आपला नसतो, मग पायरसीच बरी?

हा युक्तिवाद वर्षानुवर्षे फिरतोय: स्टोअर हवा तेव्हा गेम काढून घेतं, क्रॅक केलेली (कुलूप तोडलेली, चोरीची) प्रत मात्र कायमची आपली. यातलं अर्धं खरं आहे. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर आपण गेम नाही, वापरण्याचा परवाना घेतो. 2024 पासून स्टीम हे पैसे भरतानाच सांगतं.

पण विक्री थांबली म्हणजे गेम गेला, असं नाही. स्टीमवर विक्रीतून काढलेला गेम आधी घेतलेल्यांना सहसा पुन्हा डाउनलोड करता येतो. खरी अडचण असते कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गेम्सची. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 31 मार्च 2024 ला 'द क्रू' या आपल्या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले, आणि विकत घेणाऱ्यांचा गेमही बंद पडला. त्यांचा संताप रास्तच होता. पण सर्व्हरच नसेल तर चोरीची प्रत तरी कशाशी जोडणार?

शिवाय क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, तेव्हा कुणा अनोळखी माणसाची फाईल आपण बिनतपासणी चालवतो. खरोखर कायमची प्रत हवी असेल तर जीओजी हे गेम स्टोअर आहे: डीआरएम (प्रतीवरचं डिजिटल कुलूप) नाही, इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवायचा. नंतर इंटरनेट लागत नाही, मल्टिप्लेअर सोडून.