घरगुती बायोडिझेल (नागपूर) : उपउत्पादने आणि कायदा

वापरलेल्या खाद्यतेलापासून घरी किंवा लहान शेडमध्ये इंधन तयार करताना उरणारे ग्लिसरीन, मिथेनॉल (एक ज्वलनशील अल्कोहोल) व इंधन पाण्याने धुतल्यावर निघणारे धुणीचे पाणी यांची विल्हेवाट आणि त्यांना लागू होणारे नियम. नागपुरात कच्च्या मालाची चणचण नाही. समोसे, कचोरी, आलूबोंड्यांच्या कढया दिवसभर चढलेल्या असतात. एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांपुढे गेलेले तेल तळणीत वापरण्यास 1 जुलै 2018 पासून मनाई आहे.

100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा लागतो. मिश्रण रात्रभर निवले की वर पिवळसर इंधन येते आणि तळाशी ग्लिसरीनचा काकवीसारखा गडद थर बसतो. खरी डोकेदुखी हाच थर. साबण, कॉस्टिक आणि उरलेले बरेचसे मिथेनॉल त्यातच उतरते. औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनशी त्याचे नावापुरतेच नाते. मिथेनॉलची वाफ सुमारे 11 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पारा 45 गाठणाऱ्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उघडा डबा ठेवणे म्हणजे आगीला आवतण. थर उघड्यावर तापवून मिथेनॉल उडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मुळीच ऐकू नये. बंद भांड्यातून वाफ थंड करून ते परत मिळवता येते. ग्लिसरीन कमी आचेवर जाळल्यास ॲक्रोलीन हा विषारी वायू निघतो.

मिथेनॉल काढलेल्या थराचा धुण्याचा साबण होतो, किंवा थोडा थोडा बायोगॅस संयंत्रात जातो. शेतात मात्र जपून : कॉस्टिक सोड्यातील सोडियममुळे काळी माती आणखी चिवट होते. सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियमयुक्त अल्कली) वापरून थर फॉस्फोरिक आम्लाने उदासीन केल्यास निघणारा क्षार खताच्या कामाचा असतो.

पहिल्या धुणीचे पाणी दुधासारखे पांढरे आणि अल्कधर्मी असते. ते नालीत सोडले की नाग नदीतून कन्हानकडे जाते. प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडण्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 1974 चे कलम 24 मनाई करते. ‘घरच्यापुरतेच केले’ ही सबब तिथे चालत नाही.

मिथेनॉल हे विष आहे. त्याची खरेदी आणि साठा करण्यापूर्वी विष कायदा, 1919 खालील राज्याचे नियम पाहावे लागतात. बायोडिझेलचे भारतीय मानक आयएस 15607 असून त्यात मिथेनॉल 0.20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. शेजाऱ्याला पैसे घेऊन दोन कॅन दिल्या तरी ती विक्रीच ठरते. वाहनांच्या डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बायोडिझेल विकण्याबाबत केंद्राची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत.