मायनस वीस परवडलं, शून्य नको

कॅनडात, ओटावाला, आमचा हा सातवा हिवाळा. साताऱ्याहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, किती आहे गं तिकडे, आणि मी मायनस बावीस म्हटलं की ती पलीकडून "अगं बाई" म्हणते आणि काळजीत पडते. मी तिला दरवेळी सांगते, आई, मायनस बावीसची काळजी करू नकोस, ज्या दिवशी शून्य किंवा प्लस एक सांगेन त्या दिवशी कर. तिला ते काही पटत नाही. पहिल्या वर्षी मलाही पटलं नसतं.

पहिल्या जानेवारीत दोन दिवस तापमान शून्याच्या वर गेलं होतं. छपरांवरून पाणी ठिबकत होतं, सगळे खूश, मी जाडं जॅकेट काढून साधं घातलं. रात्रीत परत थंडी पडली आणि सकाळी दारासमोरचा फूटपाथ नुसता ओला दिसत होता, आपल्याकडे सडा घातल्यावर दिसतो ना, तसा. दुसऱ्याच पावलाला मी आडवी झाले आणि मनगट फ्रॅक्चर. तो ओलावा नव्हता, डांबरावर गोठलेला इतका पातळ आणि पारदर्शक बर्फ होता की खालचं काळं डांबर आरपार दिसत होतं. ह्याला इथे ब्लॅक आइस म्हणतात. मनगट प्लॅस्टरमध्ये होतं ते सहा आठवडे मी बर्फ घसरडा का असतो ह्याच्यावरच वाचत बसले.

दहावीच्या विज्ञानात पुनर्हिमायन होतं, आठवतंय? बर्फाच्या लादीवर तार ठेवायची, दोन्ही टोकांना वजनं बांधायची, तार लादीतून खाली उतरते आणि लादी मात्र अखंड राहते. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो म्हणून. मला वाटायचं पाय घसरण्याचं कारणही हेच असणार, आपल्या वजनाने खालचा बर्फ वितळत असणार. पण हिशोब केला तर जमत नाही. वितळणबिंदू एक डिग्री खाली आणायला साधारण 135 वातावरणं (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो तो) इतका दाब लागतो. बारीक तारेला टांगलेल्या वजनाने दाब बऱ्यापैकी वाढतो, पण साठ किलोचा माणूस बुटाच्या रुंद तळव्यावर उभा राहिला तर एका वातावरणाचा तिसरा हिस्सासुद्धा धड होत नाही, म्हणजे फरक डिग्रीच्या काही हजारांश भागाचा.

खरी गंमत पृष्ठभागावर आहे. बर्फाच्या आत पाण्याच्या प्रत्येक रेणूला चार शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं, पण सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूंना वरून धरायला कुणीच नसतं, त्यामुळे ते सैल असतात, हलतात, सरकतात. मायकेल फॅरडेने 1850 मध्येच बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की चिकटतात हे दाखवून सांगितलं होतं की बर्फावर पाण्यासारखा एक पातळ थर असणार. शून्याच्या जवळ हा थर जाड आणि चपळ असतो, त्यात घर्षणाच्या उष्णतेने थोडं पाणी सुटतं, आणि वर खरंच पाणी साचलेलं असेल तर मग विचारूच नका. जसजशी थंडी वाढते तसे वरचे रेणू जखडत जातात आणि बर्फ बुटाला पकड द्यायला लागतो. मायनस वीसला मी फूटपाथवर बऱ्यापैकी निवांत चालते. शून्याला मात्र पेंग्विनसारखं, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर आणि हात खिशाच्या बाहेर. हात बाहेर ठेवायचे ते तोल सावरायला, पडताना टेकवायला नाही, माझं मनगट गेलं ते हात टेकवल्यामुळेच.

ह्याची परीक्षा कानानेही करता येते. भुसभुशीत स्नोवर पाय पडला आणि नुसता पचपच दबला तर तापमान शून्याच्या आसपास आहे. साधारण मायनस दहाच्या खाली गेलं की तोच स्नो बुटाखाली कर्र कर्र वाजतो, कारण आता स्फटिक वितळून सरकत नाहीत तर एकमेकांवर घासून मोडतात. मी हल्ली दारातून बाहेर पडल्यावर आधी ऐकते.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं की हवेचं तापमान आणि जमिनीचं तापमान एकच असेल असं नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी असते ना, तेव्हा हवेचं तापमान बहुतेकदा शून्याच्या वरच असतं. निरभ्र रात्री वारा नसेल तर जेटीच्या फळ्या, गवत, गाड्यांचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही गार होतात. इथे हेच रस्त्यावर होतं, आणि पुलांवर जास्तच, कारण पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि वरून खालून दोन्हीकडून वारा लागतो. मोबाईलवर प्लस दोन बघून गाडी जोरात काढू नये ती ह्यासाठी.

आता मीठ. लहानपणी मे महिन्यात आमच्याकडे आईस्क्रीमचा पॉट निघायचा, लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला आम्हा भावंडांचे नंबर लागायचे. मीठ घातलं की बर्फ अजून गार होतो हे तेव्हा बोटांना चांगलंच कळलं होतं. आणि इथे येऊन बघते तर लोक बर्फ घालवायला पायऱ्यांवर मीठ टाकतायत! दोन्ही एकच गोष्ट आहे. बर्फ आणि पाणी जिथे भेटतात तिथे रेणूंची येजा सतत चालू असते, काही सुटून पाण्यात जातात, काही परत बर्फाला चिकटतात. मीठ विरघळलं की परत चिकटणाऱ्यांची संख्या घटते, सुटणारे मात्र सुटतच राहतात, म्हणून बर्फ वितळत जातो. वितळायला ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता लागते. पॉटमध्ये ती दुधातून ओढली जाते म्हणून आईस्क्रीम जमतं, पायरीवर ती दगडातून आणि हवेतून येते म्हणून वाट मोकळी होते.

पण मायनस दहाच्या खाली साध्या मिठाचं काम इतकं हळू होतं की टाकून उपयोग नाही, आणि मायनस 21 ला तर तेही संपलं. तेव्हा वाळू किंवा बारीक खडी टाकायची, ती वितळवत नाही, नुसती पकड देते. आणि मीठ टाकायचंच तर मूठभर पुरतं हे मला मनापासून सांगायचंय, कारण त्याचं काम सगळा बर्फ वितळवण्याचं नाहीच, खाली झिरपून बर्फाची जमिनीवरची पकड सोडवायची आणि मग फावड्याने खरवडून काढायचं. बादल्या भरभरून टाकलेलं मीठ वसंतात नाल्यांमधून नदीत जातं, मासे आणि पाणकिडे ह्यांना ते सोसत नाही, कुत्र्यांचे पंजे भाजतात, गाड्या गंजतात.

फावड्यावरून आठवलं, ताजा स्नो कापसासारखा दिसतो म्हणून फसू नका. दहा सेंटिमीटर ताजा स्नो म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला दहा किलो. पन्नास चौरस मीटरच्या ड्राइव्ह वेवर वीस सेंटिमीटर पडला तर एक टन झाला. ओला असेल तर दुप्पटही होतो. शक्यतो उचलायचा नाही, ढकलायचा, आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं, थंडीत आखडलेल्या रक्तवाहिन्या आणि अचानक पडलेला जोर ह्यांनी दरवर्षी माणसं जातात.

शून्याजवळचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे फ्रीझिंग रेन. वर उबदार हवा, तिथे स्नो वितळून पाऊस होतो, आणि जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर, त्यात थेंब शून्याच्या खाली जातात पण गोठायला वेळ मिळत नाही, ज्याला लागतील त्यावर तिथेच गोठतात. ओटावा आणि सेंट लॉरेन्स नद्यांच्या खोऱ्यात अशी थंड हवा अडकून राहते. जानेवारी 1998 मध्ये पाच सहा दिवस हेच चाललं, काही भागांत 80 मिलिमीटरच्या वर. तारा, झाडं, विजेचे पोलादी मनोरेसुद्धा बर्फाच्या वजनाने कोसळले, लाखो घरं अंधारात गेली, लष्कर बोलवावं लागलं. आमचे शेजारी अजून सांगतात की रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज बंदुकीसारखे येत होते. तेव्हा घरात जनरेटर किंवा शेगडी लावून कार्बन मोनॉक्साइडने गेलेलेही लोक होते. वीज गेली तर कितीही गारठा असो, हे घरात लावायचं नाही.

आणि मग ज्याची मी वर्षभर वाट बघते ते, रिडो कॅनॉल. 1832 मध्ये खुला झालेला हा कालवा गोठला की शहराच्या मधून 7.8 किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता होतो, लोक पाठीला बॅग लावून ऑफिसला स्केट करत जातात. हे 1970-71 च्या हिवाळ्यापासून चालू आहे. इथे दहावीतलं होपचं उपकरण डोळ्यासमोर येतं: चार डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी, म्हणून पाणी वरून गोठतं. पण गोठलेला थरच पुढे गोधडी होतो, खालची उष्णता वर जाऊ देत नाही, त्यामुळे जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. स्नो तर त्याहून उबदार गोधडी. म्हणून माणसं स्नो हटवत राहतात आणि रात्री वरून पाणी सोडून थर चढवतात, तीस सेंटिमीटर जाडी झाल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. 2022-23 मध्ये ती झालीच नाही, पहिल्यांदाच संपूर्ण सीझन एक दिवसही कालवा उघडला नाही, आणि आम्ही नुसते काठावर जाऊन उभे राहायचो, सगळं गाव हळहळत होतं.

यंदा उघडलाय. परवा सकाळी मायनस पंधरा होतं आणि बारीक स्नो पडत होता. ह्या तापमानाला सगळ्यात नक्षीदार चांदण्या पडतात. मायनस पाचला सुयांसारखे स्फटिक, मायनस पंधराला सहा फांद्यांचे तारे, हे जपानच्या होक्काइदोमधले भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया ह्यांनी शोधून काढलं, त्यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला स्फटिक वाढवला होता. मी कालव्याच्या कडेला थांबून कोटाची काळी बाही पुढे धरली. एक तारा येऊन लोकरीच्या तंतूवर बसला, सहाही फांद्यांना परत बारीक दातेरी फांद्या. श्वास रोखूनच बघावं लागतं, कारण श्वासाची ऊब लागली की टोकं गोल होतात आणि लोकरीवर नुसता थेंब उरतो.