हॉलंडेज फाटला? अंडं नको, पाणी घाला

परवा एक रील आलं, फ्रेंच सॉस करताना व्हिस्क एकाच दिशेने फिरवायचा म्हणे, नाहीतर सॉस फाटतो. असलं काही नसतं हो. मेयोनीजबद्दल तर फ्रान्समध्ये जुना समज असा, की पाळी चालू असलेल्या बाईने केलं तर जमतच नाही. वाचलं आणि आजीची लोणच्याची बरणी आठवली. पॅरिस काय नि पाचोरा काय, बिल बाईच्याच नावावर फाडायचं! एर्व्हे तीस नावाचा फ्रेंच केमिस्ट किचनमधल्या अशा सांगोवांगीच्या गोष्टी गोळा करून तपासत आलाय. १९८८ मध्ये त्याने आणि निकोलस कुर्ती या ऑक्सफर्डच्या फिजिसिस्टने या अभ्यासाला नावही दिलं, मॉलिक्युलर अँड फिजिकल गॅस्ट्रोनॉमी.

तर हॉलंडेज. नाव हॉलंडचं, पण क्लासिक फ्रेंच सॉस. अंड्याचा पिवळा बलक, लिंबाचा रस आणि वितळलेलं बटर, बास. मी गेल्या रविवारी केला आणि मस्तपैकी फाटला. रेसिपीत क्लॅरिफाइड बटर लिहिलं होतं, मी म्हटलं म्हणजे आपलं साजूक तूपच की, घरात डबाभर आहे. २ बलक, अर्ध्या लिंबाचा रस, १२५ ग्रॅम तूप. शेवटचे दोनतीन चमचे राहिले असताना अचानक सगळं सैल झालं, कडेला तूप सुटलं आणि मध्ये रवाळ पिवळा चिखल.

पहिला विचार आला, अजून एक बलक घालू. इथेच सगळे चुकतात.

हा सॉस म्हणजे इमल्शन, पाण्यात लटकलेले फॅटचे थेंब. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली फॅटचे ०.०१ मिमीचे थेंब केले तर जवळजवळ तीन हजार कोटी होतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ९ चौरस मीटर, दहा बाय दहाच्या खोलीची फरशी म्हणा ना. बलकातलं लेसिथिन आणि प्रोटीन ही फरशी झाकतात. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं फॅटमध्ये, त्यामुळे ते बरोब्बर सीमेवर जाऊन बसतं आणि दोन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. आणि एका बलकात हा माल भरपूर असतो, आपण घालतो त्याच्या कितीतरी पट फॅट तो सांभाळेल.

मग कमी काय पडतं? जागा! सारख्या गोल गोळ्या कितीही नीट रचा, फळवाल्याच्या संत्र्यांसारख्या, ७४ टक्क्यांच्या वर जागा भरत नाही. हे केपलर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ मध्ये सांगून ठेवलं आणि थॉमस हेल्स या गणितज्ञाने सिद्ध केलं १९९८ मध्ये, तेही कॉम्प्युटर लावून. सॉसचे थेंब लहानमोठे असतात, दबून चपटेही होतात, म्हणून थोडं पुढे जाता येतं, पण मधल्या फटीत पाणी हवंच. थेंब असे खेटले की सरकता येत नाही, म्हणून तर सॉस दाट होतो, आणि अजून रेटलं की मधला पाण्याचा पापुद्रा फाटून थेंब एकमेकांत विलीन.

आता माझा हिशोब बघा. बलक निम्मा पाणीच असतो, दोघांचं मिळून साधारण १८ मिली, लिंबाचा रस १० मिली, आणि तूप जवळपास १३५ मिली. म्हणजे तूपच ८० टक्क्यांच्या आसपास! बटरमध्ये १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाही. १२५ ग्रॅम बटर घातलं असतं तर त्याच्यासोबत २० मिली पाणी आपोआप आलं असतं.

स्वच्छ बाऊलमध्ये चमचाभर कोमट पाणी घेतलं, फाटलेला सॉस त्यात थेंब थेंब टाकत फेटला (दोन्ही दिशांनी, मुद्दाम). परत जमला.

आच जास्त होऊन फाटला तर मात्र ही युक्ती चालत नाही. ७० डिग्रीच्या आसपास बलकातलं प्रोटीन आळतं आणि त्याची भुर्जी होते, भुर्जीचं परत अंडं होत नाही. म्हणून बाऊल गरम पाण्याच्या वाफेवर धरायचा आणि तळ हाताला चटका देऊ लागला की उचलायचा.

उकडलेल्या फरसबीवर ओतून खाल्ला. छान होता, फक्त तुपाचा खमंग वास इतका पुढे आला की लेक म्हणाली, "आई, याच्याबरोबर पुरणपोळी कुठेय?"