सपिंड: भाताचा गोळा की शरीर?

आजोबांच्या बाराव्याला गुरुजींनी भाताचे चार पिंड मांडले. एक लांबट, तीन गोल. लांबट आजोबांचा, गोल त्यांच्या वडिलांचा, आजोबांचा आणि पणजोबांचा. काकाने दर्भाने लांबट पिंडाचे तीन भाग केले, एकेक भाग एकेका गोल पिंडात घालून पुन्हा वळला. नंतर कुठलं शीत कुणाचं, ते ओळखता येईना. या विधीला सपिंडीकरण म्हणतात. ‘सपिंड’ म्हणजे ज्यांचा पिंड एक, ते.

पण पिंड म्हणजे काय? यावर आपल्या धर्मशास्त्रात सरळ दोन तट पडले. बंगालमधल्या जीमूतवाहनाने पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा असं धरलं. ज्यांचं पिंडदान एकमेकांशी जोडलेलं, ते सपिंड, आणि वारसाहक्कही त्याच हिशेबाने. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076 ते 1126) याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्याच्या मते पिंड म्हणजे देह. एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात उतरले, ते सपिंड. मुलाचं नातं बापाशी, बापामार्फत आजोबांशी. तसंच आईशी आणि आईमार्फत मामा-मावशीशीही.

मराठीने विज्ञानेश्वराचाच अर्थ जपला आहे. ‘त्याचा पिंडच गवयाचा’ म्हणताना आपल्या मनात भात नसतो. जन्मतः अंगात मुरलेलं काहीतरी असतं.

शरीराचे अंश खरोखर कसे उतरतात, हे आज मोजता येतं. आपल्या 46 गुणसूत्रांपैकी 23 आईकडची, 23 वडिलांकडची. म्हणजे दर पिढीला वाटा निम्मा होतो. आईवडिलांच्या पुढे मात्र हा हिशेब सरासरीचा असतो, कारण बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि जोडीतलं कुठलं गुणसूत्र पुढे जाईल हे योगायोगावर असतं. चारही आजी-आजोबांचा वाटा काटेकोर पाव नसतो. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा थोडा कमी. त्या बाराव्याच्या भातासारखंच हे मिसळणं. फरक इतकाच, की गुणसूत्रांत कुठला तुकडा कुणाचा हे प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी ओळखता येतं.

स्मृतीने विवाहासाठी सपिंडतेची हद्द वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांवर आखली. स्वतःला पहिली पिढी धरली तर सातव्या पिढीत 64 पूर्वज येतात आणि एकेकाचा वाटा सरासरी दीड टक्क्याच्या आसपास उरतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ही हद्द पाच आणि तीन अशी जवळ आणली, रूढीला सूटही ठेवली. म्हणून महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी सून म्हणून चालते. काकाची मुलगी मात्र बहीणच. जनुकांना हा भेद ठाऊक नाही. दोघींशीही आपला सरासरी एक अष्टमांश वाटा समान असतो. अशा लग्नातल्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळात एक असते. घराण्यात थॅलेसेमियासारखा दोष दडलेला असेल, तर लग्न ठरण्याआधीच रक्त तपासून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

विज्ञानेश्वराचं मला सर्वात नवल वाटतं ते पुढच्या शंकेसाठी. ती त्याने स्वतःच काढली आहे: संसार अनादि आहे, मग कसंही करून प्रत्येकजण प्रत्येकाचा सपिंड ठरेल, त्याचं काय? आकडे मांडून पाहा. तीस पिढ्या मागे गेलो, म्हणजे साधारण साडेसातशे वर्षं, तर आपल्या पूर्वजांच्या जागा होतात 107 कोटींहून जास्त. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटींच्याही आत असावी. एवढ्या जागा भरायच्या तर तीच माणसं अनेक वाटांनी पुन्हापुन्हा आपली पूर्वज झालेली असणार, आणि आपल्या शेजाऱ्याचीही. म्हणूनच, विज्ञानेश्वर सांगतो, स्मृतीने पाच आणि सात पिढ्यांची रेघ ओढली.