केशवानंद निकालाचं ‘7 विरुद्ध 6’ नेमकं कशावर होतं?

घटनादुरुस्तीवरून वाद झाला की केशवानंद भारती खटल्याचं नाव निघतंच, आणि ‘7 विरुद्ध 6 ने बेसिक स्ट्रक्चर (संसदेला मोडता न येणारी घटनेची मूळ चौकट) ठरलं’ एवढं सांगून सगळे मोकळे होतात. प्रत्यक्षात प्रकरण बरंच गुंतागुंतीचं आहे.

1951 मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की संसद मूलभूत हक्कही बदलू शकते. 1964 ला सज्जन सिंग खटल्यात निकाल तोच लागला, पण न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी शंका काढली, आणि मुधोळकरांचा प्रश्न मला आजही फार मोलाचा वाटतो: घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर ती नुसती दुरुस्ती म्हणायची की घटनेचा तो भाग नव्यानेच लिहिणं झालं? यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या 1963 च्या एका निकालाचा दाखला दिला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

1967 ला गोलकनाथ खटल्यात 6 विरुद्ध 5 ने कोर्ट फिरलं, मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही म्हणालं. त्यावर इंदिरा गांधी सरकारने 1971 मध्ये संसदेला मूलभूत हक्कही बदलता येतील अशी 24 वी घटनादुरुस्ती आणली, आणि केरळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमिनीच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते त्या खटल्यात हा सगळा वाद येऊन पडला. 13 न्यायाधीश, 68 दिवस सुनावणी, 24 एप्रिल 1973 ला निकाल आणि त्यात तब्बल 11 वेगवेगळी निकालपत्रं!

आता खरी गंमत बघा. सहा जण म्हणत होते संसदेच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा आहेत, सहा जण साधारण म्हणत होते की तशा मर्यादा नाहीत, आणि न्या. खन्ना एकटे मधे, की मूलभूत हक्कांसकट काहीही बदला पण घटनेची मूळ चौकट मोडू नका. म्हणजे ‘सात’ हा आकडा खन्नांमुळे झाला. शेवटी बहुमताचं मत म्हणून एक छोटा सारांश काढला त्यावर 13 पैकी 9 जणांनीच सह्या केल्या, आणि सही करणाऱ्यांत न्या. पालेकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे अल्पमतातले दोघंही होते. त्यामुळे बहुमताने नक्की काय ठरवलं यावर अभ्यासकांची तेव्हापासून भांडणं आहेत आणि ती रास्तच आहेत असं मला वाटतं. खन्नांच्या मते मूलभूत हक्क चौकटीबाहेर आहेत असा अर्थ काहींनी लावला, तेव्हा 1975 च्या इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण निकालात त्यांना स्वतःलाच खुलासा करावा लागला की मी असं म्हटलेलं नाही.

केशवानंद खटल्यात वकील नानी पालखीवाला स्वामींच्या बाजूने आणि वकील सीरवाई केरळ सरकारच्या बाजूने लढले. सीरवाईंनी निकालावर टीकाही केली, पण नंतर आपल्या घटनेवरच्या भाष्यग्रंथात त्यांनी मूळ चौकटीचा हा सिद्धांत मान्य केला. एवढ्या मोठ्या वकिलाने उघडपणे मत बदलणं ही माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. चंद्रचूडांचंही तसंच, 1973 ला अल्पमतात असलेल्या याच न्यायाधीशांनी 1980 मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्स खटल्यातला बहुमताचा निकाल लिहिला आणि मूळ चौकटीच्याच आधारावर 42 व्या घटनादुरुस्तीतली दोन कलमं रद्द केली.