झाड की जाळं? एक्सएमएल सीरियलायझरच्या चुकांमागची कथा

एक्सएमएल म्हणजे खुणांच्या मदतीने माहिती मजकुरात लिहायची पद्धत; तिचं प्रमाण 1998 मध्ये आलं. त्यात एका घटकाच्या पोटात दुसरा बसतो आणि प्रत्येकाला एकच पालक असतो, म्हणजे ते झाड आहे. प्रोग्रामच्या मेमरीतले ऑब्जेक्ट (माहितीचे गठ्ठे) मात्र जाळ्यासारखे असतात: ऑर्डरकडे ग्राहक, ग्राहकाकडे परत ऑर्डरची यादी. ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणाऱ्या आणि ते परत वाचणाऱ्या साधनाला सीरियलायझर म्हणतात; त्याचे पुढचे बहुतेक बग याच विसंगतीतले आहेत.

2002 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग व्यासपीठाच्या पहिल्या आवृत्तीबरोबर एक्सएमएलसीरियलायझर आला. तो हातातल्या ऑब्जेक्टकडे नव्हे, त्याच्या टाइपकडे (प्रकाराच्या व्याख्येकडे) बघून काम सुरू करतो. कन्स्ट्रक्टरला (तो तयार करणाऱ्या कोडला) टाइप दिला की त्याखालचे सगळे सार्वजनिक सदस्य तपासतो, आणि त्यांच्यासाठी तिथल्या तिथे कोड तयार करतो (सुरुवातीला सी शार्पमध्ये लिहून तो कंपाइल करून घेई). त्यामुळे सहाव्या पातळीवरच्या क्लासमधली खोट, तो सदस्य नल (रिकामा) असला तरी, सीरियलायझर तयार करतानाच उघडी पडते. संदेश मात्र सर्वात वरच्या टाइपच्या नावाने येतो: 'देअर वॉज ॲन एरर रिफ्लेक्टिंग टाइप'. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! खरं कारण इनरएक्सेप्शनच्या (आतल्या एररच्या) साखळीत तळाशी असतं, आणि लॉगमध्ये फक्त वरचा मेसेज छापणाऱ्यांनी त्यापायी रात्री घालवल्या.

त्या तळाशी बऱ्याचदा सापडते ती डिक्शनरी, म्हणजे किल्ली आणि मूल्याच्या जोड्यांचा संग्रह. आयडिक्शनरी इंटरफेस असलेला कोणताही टाइप हा सीरियलायझर नाकारतो. कारणं दोन सांगितली गेली: वेळापत्रकाची ओढाताण, आणि हॅशटेबलला (डिक्शनरीच्याच एका प्रकाराला) स्कीमाच्या, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या भाषेत जोडीदार नसणं. दुसरं कारण ऐकायला तात्त्विक वाटतं, पण किल्ली आणि मूल्य असलेल्या घटकांची यादी स्कीमात सहज लिहिता येते. 2005 मध्ये जेनेरिक्स (आतला टाइप वापरताना ठरवता येणारे क्लास) आल्यावर डिक्शनरी घरोघरी वापरात आली, तरी नकार तसाच राहिला. मग प्रत्येक प्रकल्पात आयएक्सएमएलसीरियलायझेबल (वाचणं-लिहिणं स्वतः करायची सोय) राबवून स्वतःची डिक्शनरी लिहायची पद्धत पडली. तिथे शेवटचा घटक वाचून पुढे सरकायचं राहिलं की त्यानंतरचे सदस्य गुपचूप रिकामे येत. म्हणजे एक बग टाळायला दुसरा घरात घेतला.

वारसा मिळालेल्या टाइपची गोष्ट वेगळी. यादी 'प्राणी' टाइपची आणि आत 'कुत्रा' ठेवला, तर तो टाइप एक्सएमएलइन्क्लूडने आधी सांगून ठेवावा लागतो. नसेल तर कन्स्ट्रक्टर निमूट पास होतो आणि लिहिताना घोडं पेंड खातं. चक्राचंही तसंच. टाइप स्वतःचाच उल्लेख करत असेल तर चालतं. प्रत्यक्ष ऑब्जेक्ट फिरून स्वतःकडे आला की 'सर्क्युलर रेफरन्स'ची तक्रार येते. रूढ उपाय म्हणजे मुलाकडून पालकाकडे जाणाऱ्या प्रॉपर्टीवर एक्सएमएलइग्नोर (हे लिहू नको अशी खूण) लावायचं आणि परत वाचल्यावर तो दुवा हाताने जोडायचा. चक्र नसलेली, पण हजारो कड्यांची लिंक्ड लिस्ट स्टॅकच (चालू कॉलसाठीची मेमरी) फोडते, आणि डॉटनेट 2.0 पासून ती एरर ट्राय-कॅचमध्ये पकडताही येत नाही.

2006 मध्ये डॉटनेटमध्येच डेटाकॉन्ट्रॅक्टसीरियलायझर हा दुसरा सीरियलायझर आला. त्याने डिक्शनरी स्वीकारली, आणि 2008 मध्ये इजरेफरन्स या सोयीमुळे एकाच ऑब्जेक्टचे अनेक उल्लेख आयडीने जपता येऊ लागले. बदल्यात घटकांचा क्रम ठरून गेला: वेगळं काही सांगितलं नाही तर आधी बेस क्लासचे, मग वर्णानुक्रमाने. बाहेरून आलेल्या एक्सएमएलमध्ये क्रम चुकला की ऐच्छिक घटक न बोलता नल होतो. एरर नाही, वॉर्निंगही नाही. माझ्या मते सगळ्यांत महागडा बग हाच, कारण इथे शोधायला संदेशच नसतो. वेब सेवेतून मोठी रचना पाठवताना 65,536 नगांची मर्यादाही आडवी येई, पण तिचा संदेश निदान स्पष्ट होता.

पुढे जेसॉनने (माहिती मजकुरात लिहायच्या दुसऱ्या, आटोपशीर पद्धतीने) एक्सएमएलची जागा घेतली, तरी झाड आणि जाळ्याचं भांडण मिटलं नाही. डॉटनेटच्या नव्या जेसॉन सीरियलायझरची खोली मुळात 64 पातळ्यांची, आणि चक्र जपायची सोय 2020 मध्ये मिळाली, तीही मागितली तरच. एक्सएमएलसीरियलायझर अजून चालू आहे, आणि डिक्शनरीला अजूनही नाहीच म्हणतो.